हालू नका भावजी

वसमतला आमच्या भिंतीला भिंत लागून जे फोटोवाले राहत, त्यांचं खरं नाव मला लग्नानंतर कितीतरी दिवस कळलं नव्हतं. सारं गाव त्यांना ‘हालू नका’ म्हणायचं, म्हणून मीही त्यांना ‘हालू नका भावजी’ म्हणू लागले. काळ्या कापडात डोकं घालून गिऱ्हाइकाला दम द्यायची त्यांची सवय दुकानाबाहेरही सुटत नसे. पाहुण्यानं भाकरीचा घास तोंडाकडे नेला, की हे समोरून ओरडणार, “हालू नका! काय झकास उजेड पडून राहिला तोंडावर!” घास हातात, तोंड उघडं, आणि पाहुणा बिचारा तसाच बसलेला. एकदा दारातल्या म्हशीलाही त्यांनी असंच बजावलं होतं. म्हशीनं ऐकलं, असं आमचे हे शपथेवर सांगायचे.

स्वतः भावजींच्या अंगात मात्र भिंगरी होती. चहासुद्धा फेऱ्या मारत प्यायचे. त्यांची बायको, म्हणजे आमची अक्का, म्हणायची, “देवानं यांना ढुंगण दिलं, पर बसायचं सांगायचं इसरला.”

तालुक्यातले सारे चेहरे भावजींनी टिपले होते. एक अक्काचा तेवढा राहिला होता. तिच्या आईचा जत्रेत कुणीतरी फोटो काढला आणि महिन्याच्या आत ती माउली गेली. तेव्हापासून फोटोनं आयुष्य तुटतं, हे अक्काच्या मनात पक्कं बसलं होतं. लग्न झालं त्याच दिवशी तिनं नवऱ्याकडून शपथ घेतली. भावजींनी ती पाळली, पण दुकानाच्या भिंतीवर मधोमध एक खिळा ठोकून मोकळा ठेवला. कुणी विचारलंच, तर सांगायचे, “ती जागा घरच्यांची हाय.” अक्का म्हणायची, “गंजू द्या.” सगळं हसण्यावारी चालायचं. पण कधीकधी दुकानात कुणी नसलं, की ते येता-जाता त्या खिळ्याकडे असे बघायचे, की मला फार वाईट वाटायचं.

निजामाच्या अमदानीतली ती पौषातली थंडी आठवली, की अजून माझे दात वाजतात. नेमकं त्याच थंडीत भावजींच्या डोक्यात आलं, की रात्रीच्या वसमतचा फोटो काढायचा. पौर्णिमेचं चांदणं, घराघरात दिवे, आणि समोरच्या माळवदावर कॅमेरा. “दिवसा कोनीबी काढते. घंटाभर झाकण उघडं ठेवतो. तुमी खिडकीत दिवा लावा आन् घरात बसा, इतकीच तकलीफ,” असं ते दारोदार सांगून आले. अक्कानं डोळे वटारले, “आन् माझं?” भावजी म्हणाले, “अगं, रात्री चेहरे येतच न्हाईत. दिवे येतेत नुसते. माझी शपथ!”

फोटो निघतोय आणि गाव घरात बसून राहील, तर ते वसमत कसलं! चांदणं वर आलं तशी माणसं लग्नातले कपडे घालून, हातात कंदील घेऊन रस्त्यावर उतरली. कुणी जरीचा रुमाल बांधला होता, कुणी बैलांना झुली चढवल्या होत्या. मीही शालू नेसले, खोटं कशाला बोलू? आणि थंडीनं कुणी एका जागी ठरेना. पाय आपटत, फेऱ्या मारत जो तो वर बघून ओरडत होता, “ओ हालू नका, आमी दिसून राहिलो का?” गस्तीचा जवान काठी आपटत आला, “ये क्या तमाशा है?” त्याला समजावलं, तर मिशीवर हात फिरवून म्हणाला, “मेरी लालटेन भी आएगी?” आणि आमच्यातच फिरू लागला.

माळवदावर भावजींचा घसा बसला. शेवटी कॅमेरा तसाच उघडा टाकून, कंदील घेऊन ते शिडीवरून खाली उतरले आणि एकेकापुढे हात जोडत पळत सुटले, “हालू नका हो! पाया पडतो, हालू नका!” त्या रात्री मी इतकी हसले, की बरगड्या दुखल्या. अक्का तेवढी आपल्या ओट्यावर बसून गंमत बघत होती. बसल्या बसल्या भिंतीला टेकून तिचा डोळा कधी लागला, ते मला कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी फोटो तयार झाला आणि दुकानापुढे झुंबड उडाली. त्यात घरं होती, देवळाचा कळस होता, खिडक्यांतले दिवे होते. माणूस मात्र औषधालाही नव्हता! रस्त्यावर नुसत्या पांढऱ्या रेघाच रेघा. “आमी कुठं गेलो?” असा एकच ओरडा झाला. भावजी म्हणाले, “तुमी हालले, म्हणून तुमी गेले. कंदील जिथून गेला, ती रेघ राहिली.” आधी चार शिव्या पडल्या. मग कुणीतरी हेलकावे खात गेलेली एक रेघ ओळखली, “ही तर लंगड्या धोंडीबाची!” झालं, जो तो आपली रेघ शोधू लागला. आमच्या दोन मला सापडल्या, एक पुढं आणि एक मागं. आमचे हे तिथंही माझ्यासाठी थांबले नव्हते.

शोधता शोधता माझं बोट अक्काच्या ओट्यावर गेलं आणि मी किंचाळलेच. त्या रिकाम्या गावात एकच माणूस आलं होतं. भिंतीला टेकून झोपलेली अक्का. चेहरा लख्ख, अंगावर भावजींची शाल, आणि शेजारी उजेडाचा मोठा ठिपका.

अक्का पांढरीफटक पडली. “शपथ घेतली होती ना?”

भावजींनी हात जोडले. “तू कुडकुडून राहिली होती. कंदील खाली ठेवला, शाल घातली, जराक थांबलो तुझ्यापाशी. फोटोचं ध्यानातच न्हाई राहिलं.”

एवढं बोलून ते आत गेले आणि फोटोची मूळ काच घेऊन बाहेर आले. पायरीच्या दगडावर आपटायला त्यांनी ती डोक्यावर उचलली. त्या खिळ्यासाठी माणसानं किती वर्षं वाट पाहिली होती, आणि आता आपल्याच हातानं फोडायला निघाला होता. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

“हालू नका!” अक्का ओरडली.

भावजी जन्मात पहिल्यांदा जागच्या जागी थिजले. अक्कानं त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. “हा उजेड तुमच्या कंदिलाचा ना? मग तुमीबी आलेच की यात. काहून फोडता? जायचं तर दोघं बराबर जाऊ.” तो फोटो तिनं स्वतःच त्या खिळ्याला अडकवला.

पुढे आमची बदली झाली. खूप वर्षांनी वसमतला गेले, तेव्हा भावजी राहिले नव्हते. अक्काचे सगळे दात पडले होते, पण बोलणं तेच. भिंतीवर तोच फोटो. भावजींचा मात्र कुठंच दिसेना. मी विचारलं, तशी तिनं गावभर वेडीवाकडी पळालेली सगळ्यात लांब रेघ दाखवली. “हे काय. सगळ्यांना हालू नका म्हनत सगळ्यात जास्त हेच हालले.”

“दोघं बराबर जायचं ठरलं होतं ना?” मी भीत भीत म्हणाले.

“ठरलं होतं की. पर त्यांना कुठला दम? गेले म्होरं पळत.” ती हसली. मग पदरानं तिनं तो उजेडाचा ठिपका पुसला. “एवढ्या इथं तेवढे थांबले होते, बघ.”