बेनीमामांचा जुना नंबर

शिरूरला पाबळ फाट्याजवळ बन्यामीन साळवे यांचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. दुकान कसलं, दहा बाय बाराचा गाळा. त्यात दोन टेबलं, एक झेरॉक्स मशीन आणि एक कॉम्प्युटर. हा कॉम्प्युटर चालू करून माणसानं बाहेर जाऊन चहा पिऊन यावं, तेव्हा कुठं त्याचा पडदा उजळतो. त्याच्या आतला सेल केव्हाच संपलाय, त्यामुळं रोज सकाळी तो २०११ साली जागा होतो आणि बेनीमामा त्याला हातानं आजच्या तारखेवर आणतात. साळव्यांना सगळा तालुका बेनीमामाच म्हणतो. मिशनच्या शाळेतल्या शिपायाचा हा मुलगा टायपिंग शिकला आणि गेली बावीस वर्षं लोकांचे फॉर्म भरतोय. वय एकोणसाठ. डोळे अधू झाले, पाठ गेली, चिडायची ताकद तेवढी शिल्लक आहे, तीसुद्धा जेवणाच्या सुट्टीपर्यंतच.

आता त्यांची कामाची पद्धत सांगितली पाहिजे, कारण सगळा घोळ तिथंच आहे. फॉर्मात ईमेल लिहिल्याशिवाय पुढचं पान उघडेना, तेव्हाची गोष्ट. खेड्यापाड्यात कुणाकडं ईमेल असणार? मग बेनीमामा जागच्या जागी काढून द्यायचे. पासवर्ड म्हणजे गावाचं नाव आणि पुढं एकदोनतीन. मोबाईल नंबर विचारला की स्वतःचा टाकायचे. का, तर लोकांचे नंबर सहा महिन्याला बदलायचे आणि बायकांचा फोन असायचा नवऱ्याच्या खिशात. आळस म्हणू नका, त्यांना ती सेवाच वाटायची. वर सगळ्यांच्या मेली त्यांनी आपल्या एकाच कॉम्प्युटरवर, एकाच प्रोग्रॅममध्ये ओळीनं लावून ठेवलेल्या. बाजारच्या दिवशी लोक दारातनं डोकावायचे, "मामा, आमचं काय आलंय का?" मामा बघून सांगायचे. कागद असला तर छापून हातात द्यायचे. पोस्टमनच म्हणा ना.

पुढं लॉकडाऊन आला. दुकान आठ महिने बंद, मामा आजारी. जुन्या नंबरात रिचार्ज टाकायचं राहिलं आणि नंबर गेला. पुण्याहून लेक ब्लेसी नवं सिमकार्ड घेऊन आली, विषय संपला. मग एका सकाळी त्या मेलच्या प्रोग्रॅमनं प्रत्येक नावापुढं चौकट काढली: पासवर्ड टाका. पासवर्ड बरोबर, तरी चौकट परत हजर. कंपनीनं म्हणे जुन्या प्रोग्रॅमांना आत घ्यायचं बंद केलं. दोनशे सत्तर नावं होती. मामा तीन दिवस झगडले, चौथ्या दिवशी त्यांनी प्रोग्रॅमच बंद करून टाकला. ज्याला गरज असंल तो येईल, म्हणाले. कुणी आलंच तर एकच वाक्य तयार होतं: "सर्व्हर डाऊन हाय."

परवाच्या मंगळवारी सकाळी दहाला केंदूरची मोनाली आली. शिक्रापूरच्या एका खासगी दवाखान्यात ती नर्स आहे. रात्रपाळी संपवून कामाच्या पांढऱ्या कपड्यांवरच आली होती, डोळे तांबारलेले, स्कूटरची चावी हातात तशीच. नवरा विक्रम दौंडला रेल्वेत. घरी केंदूरला सासू झुंबरबाई आणि अकरा वर्षांची मुलगी. लग्नाला चौदा वर्षं झाली, त्यातली नऊ वर्षं संसार रविवारचा. दौंडला सरकारी दवाखान्यात कायमची नोकरी लागावी आणि चौघांनी एका छपराखाली जेवावं, एवढ्यासाठी तिनं मिळंल तो फॉर्म भरला होता. सगळे बेनीमामांकडं.

"मामा, माझी मेल उघडून द्या," ती म्हणाली. "अनुपमाचा फोन आला होता, माझ्याबरोबर शिकायला होती ती. यादीत माझं नाव हाय म्हणती. उद्या दहाला पुण्यात कागदपत्रं बघणारेत. मेलवर आलेलं पत्र छापून न्यायचं, न्हाई तर आत सोडत न्हाईत. आन् आता वय संपलं माझं. ह्यानंतर मला फॉर्मच भरता येत न्हाई."

मामांनी कॉम्प्युटर चालू केला. तारीख बदलली. मेलची साइट उघडली तर हा ब्राउझर जुना आहे, सुरक्षित नाही, असं उत्तर. दुसरा ब्राउझर घालावा तर तो म्हणे ह्या कॉम्प्युटरवर मी चालत नाही. मामांनी जुना मेलचा प्रोग्रॅम उघडला. दोनशे सत्तर चौकटी एकामागोमाग एक उड्या मारत आल्या. शेवटी मोनालीच्या मोबाईलवर पासवर्ड टाकून बघितला. पासवर्ड चालला! पण खाली ओळ आली: हा फोन ओळखीचा नाही, शेवटी चौसष्ट असलेल्या नंबरवर कोड पाठवला आहे.

"चौसष्ट कुणाचा?" मोनालीनं विचारलं. "माझा तर न्हाई."

मामांनी ओळखला. पंधरा वर्षं खिशात वागवलेला नंबर, तो ओळखायला काय वेळ लागतोय? पण बावीस वर्षांचा थकवा होता, आणि तोंडाला सवय होती. ते म्हणाले, "सर्व्हर डाऊन दिसतोय. दुपारून ये."

मोनाली काही गेली नाही. दाराजवळच्या बाकावर बसली आणि भिंतीला डोकं टेकून म्हणाली, "दिवाळीच्या टायमाला आले तवा पण डाऊनच होता, मामा. मी बसते. हितनं उठून घरी गेले तर झोप लागंल मला."

मामांनी एक आधारकार्ड झेरॉक्स केलं. एक बिल छापलं. मध्येच पाच-सहा वेळा कोड मागवून बघितला, जणू काही तो वाट चुकून नव्या नंबरवर येणार होता. अर्ध्या तासानं त्यांना स्वतःचीच शिसारी आली. ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सर्व्हर बिर्व्हर काय डाऊन न्हाई, पोरी. तो नंबर माझा व्हता. सगळ्यांच्या मेलीला माझाच टाकलाय. आन् तो गेला."

"गेला म्हंजी?"

"म्हंजी आता दुसऱ्या कुणाचा तरी हाय."

मोनाली ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "मग लावा की फोन."

लावला. पलीकडनं म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. मच्छिंद्र नाव, गाव कवठे येमाई. मामांनी निम्मी गोष्ट सांगून व्हायच्या आत तो कडाडला, "आरं, तूच का तो बेनीमामा! तीन वर्षं झाली, बेनीमामा हायेत का, बेनीमामा हायेत का, जेवू देत न्हाईत मला लोकं! आन् कोड मागतोय व्हय? ब्यांकेच्या सायबानं मंदिरात बसवून सांगितलंय, कोड बापाला बी सांगायचा न्हाई. ठेव फोन!" दुसऱ्यांदा लावला तर लागेचना. म्हाताऱ्यानं ब्लॉक केला होता. मोनालीच्या फोनवरनं लावला, "कोड" हा शब्द ऐकला आणि म्हाताऱ्यानं तोही ब्लॉक केला.

मामांनी शटर ओढलं. मोनालीच्या स्कूटरवर मागं बसून मलठणवरनं कवठ्याला निघाले. मार्चचं ऊन, रस्त्याला खड्डे, प्रत्येक खड्ड्याला मामांच्या पाठीतनं कळ. वाटेत मोनाली म्हणाली, "मला झोप येतीय, कायतरी बोलत ऱ्हावा." मग मामांनी चर्चमधल्या पेटीचे भाते कसे फाटलेत आणि दुरुस्त करणारा माणूस कसा चार महिने येतो येतो म्हणतोय, ते गाव येईपर्यंत सांगितलं.

मच्छिंद्रआबा कांद्याच्या ढिगापाशी पात कापत बसलेले. मामा समोर उभे राहिल्यावर म्हाताऱ्यानं विळा खाली ठेवला नाही. "तुझ्यापायी चौकीत जाऊन आलो मी," म्हणाले. "म्हटलं कुणीतरी माझ्या नावावर काय उद्योग करतंय. पोलीस हसले मला."

"चुकलं, आबा," मामा म्हणाले. "माझंच चुकलं. ह्या पोरीचं तेवढं बघा."

"तिला बोलू दे. तू गप ऱ्हा."

मोनालीनं सांगितलं. उभ्या उभ्या, सरळ, उद्या दहा वाजता काय आहे ते, आणि दौंडला कोण असतं ते. आबांनी सगळं ऐकून घेतलं, हात धोतराला पुसले, आणि बंडीच्या खिशातला फोन काढून बाजंवर ठेवला.

"हे बघ बाई, कोड मी सांगणार न्हाई. सांगायचा न्हाई म्हंजी न्हाई," ते म्हणाले. "पण फोन हितं पडलाय. मी तिकडं तोंड करून पात कापतो. कुणी वाचला तर मला काय ठावं?" आणि खरोखरच पाठ करून बसले. अशा तत्त्वाच्या माणसाला काय म्हणणार!

पण सकाळपासून मामांनी इतके कोड मागवले होते, की मेल आता रुसली होती. खूप वेळा प्रयत्न झाले, तासाभरानं बघा, म्हणाली. आबांच्या कारभारणीनं चहा आणला. मोनाली बाजंच्या कडेला बसल्या बसल्या डुलकी घेऊ लागली. मामांनी आबांचा फोन हातात घेतला आणि मेसेज वर सरकवायला लागले.

कोड होते. आजचे होते, गेल्या महिन्यातले होते, गेल्या वर्षीचे, त्याच्या आदल्या वर्षीचे. सहा आकडे, खाली सहा आकडे. कुणीतरी कुठंतरी बसून आपलीच मेल उघडायला बघत होतं आणि त्याच्या दारची किल्ली इथं कांद्याच्या वावरात येऊन पडत होती. काही तर एकाच दिवशी सात-आठ आलेले. त्या माणसाची तशीच घाई असणार. कोण असंल? मेसेजात नाव नसतं. मामांनी बराच वेळ बघितलं आणि मग त्यांच्यानं बघवेना. ज्याला गरज असंल तो येईल म्हणालो होतो आपण. येत होते की लोक, रोजचे. फक्त आपल्या दाराशी नाही.

तास झाला. मोनालीला उठवलं. कोड आला, मामांनी वाचला, तिनं दाबला. गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मेल उघडली. मोनाली एवढ्यानं "हाय! हाय पत्र!" म्हणून ओरडली की आबा विळा टाकून वळले.

उद्या सकाळी दहाचंच पत्र होतं. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर. कागदपत्रं बरोबर असली की निवड पक्की. नेमणुकीचं ठिकाण: अक्कलकुवा, जिल्हा नंदुरबार.

मोनालीनं ते दोनदा वाचलं. "नंदुरबार," ती म्हणाली. "असू दे. कायमची हाय." मामांनी लगेच तिचा नंबर मेलीला लावून दिला, आपला काढून टाकला, पासवर्ड बदलायला लावला. हे सगळं होईस्तोवर ती बोटानं मेली खाली सरकवत होती. जाहिराती, जाहिराती. मग तिचं बोट थांबलं.

मामांनी तिच्या खांद्यावरनं वाचलं. गेल्या वर्षीचं, ऑक्टोबरातलं पत्र, आधीच्या भरतीचं. प्रतीक्षा यादीतून निवड. नेमणुकीचं ठिकाण: दौंड. सात दिवसांत हजर न झाल्यास निवड रद्द समजण्यात येईल.

माफ कर म्हणावं, असं मामांना आतनं फार वाटलं. पण तो शब्द त्यांना त्या घटकेला इतका फुकटचा वाटला की तोंडातनं निघेना. तेवढ्यात मोनालीचा फोन वाजला. विक्रमचा होता.

"व्हय, मिळालं," ती फोनवर म्हणाली. "मिळालं म्हटलं ना. लांब हाय जरा, नंदुरबारकडं... आता काय करायचं, दिलं तिथं जायचं... न्हाई ओ, दौंडचं कुठलं आपल्या नशिबात. तुम्ही जेवला का?" बोलणं झाल्यावर तिनं मोबाईल मामांच्या पुढं धरला.

"मामा, ही दौंडची मेल कशी पुसायची?"

"कशाला पुसती, बाई? राहू दे की."

"रविवारी ते फोन हातात घेऊन पत्र वाचणार. हे दिसलं तर आठ-आठ दिवस धड जेवायचे न्हाईत. आन् तुमच्याकडं येतील ते येगळंच."

मामांनी चष्मा पुसला. मेलीवर बोट ठेवलं, दाबून धरलं, कचऱ्याच्या डब्याचं चित्र आलं, ते दाबलं.

"गेली?"

"कचऱ्यात गेली. तिथं महिनाभर ऱ्हाती. मग आपोआप जाती."

"मग तिथनं पण काढा," मोनाली म्हणाली.

त्यांनी तिथनंही काढली.