चहाच्या वेळेचं खाकरणं

आई मंगळवारी गेली. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, आणि त्याच दुपारी चहाच्या वेळी ती स्वयंपाकघरात खाकरली.

आईने अण्णांना कधी नावाने हाक मारली नाही. चहा झाला की ती ओट्यापाशी उभी राहून खाकरायची आणि अण्णा बाहेरच्या खोलीतून "आलो" म्हणायचे. गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमधला संसार बराचसा एवढ्या संभाषणावर चालला.

आता चहा करायचं काम माझ्याकडे आलं होतं. उकळी फुटली, दूध वर चढलं, आणि अगदी माझ्या मानेजवळ ते खाकरणं आलं. मी वळून पाहिलं. खुंटीला तिचं हात पुसायचं फडकं होतं. बाकी कुणी नाही.

बाहेरून अण्णा शांतपणे म्हणाले, "आलो."

मग हे रोजचंच झालं. छाती धडधडायची, हात गार पडायचे, दूध उतू जायचं. (त्या काळात आमच्यापेक्षा शेगडी जास्त चहा प्यायली.) भीती वाटली की मी पुस्तक आणतो. पुस्तकात लिहिलं होतं, आधी शरीर घाबरतं, मग मन त्याला शोभेलसं कारण शोधून काढतं. माझ्याकडे कारण तयारच होतं.

खरी काळजी अण्णांची होती. ते रिकाम्या स्वयंपाकघराला उत्तर देत होते.

ओझरहून धाकटी बहीण वंदना आली. ती श्वासाच्या व्यायामाच्या वर्गाला जाते.

"दादा, तुझ्या मज्जातंतूंना अजून कळलेलं नाही की जे व्हायचं ते होऊन गेलं. श्वास घेतोस त्यापेक्षा सावकाश सोड. अंग शांत झालं की विचारही खाली बसतात."

"आणि आई?"

"आई कुठे बसेल ते मी कसं सांगू?"

चहा शेगडीवर ठेवून आम्ही तिघं तिथेच सतरंजीवर बसलो. डोळे मिटले. वंदनाने उघडे ठेवले. शिकवणाऱ्याने ठेवायचे असतात म्हणे. पंखा बंद. अण्णांचा लांब श्वास, माझा तुटका. पातेल्यातली गुरगुर वाढत गेली.

आणि ती खाकरली. आमच्यातच बसून.

"आलो," अण्णा म्हणाले.

मी डोळे उघडले. वंदना पांढरीफटक पडली होती आणि माझ्याकडे पाहत होती.

"दादा, तू खाकरलास."

"मी? मी तर श्वास सोडत होतो."

"आवाज आईचा होता. गळा तुझा हलला."

म्हणजे घरातलं भूत मी होतो, आणि त्याला सगळ्यात जास्त घाबरलेलाही मीच.

"अण्णा, तुम्हाला आई वाटत होती ना?"

"छे. पहिल्याच दिवशी कळलं, तू आहेस. ती दोनदा खाकरायची."

"मग 'आलो' कशाला म्हणता?"

"मी कुठे म्हणतो? ते तोंडातून निघतं. पाय आधी उठतात. ती नाही, हे मागून आठवतं."

मी नेटाने श्वास सोडत राहिलो. छाती निवळली, हातांना ऊब आली आणि एके दिवशी गळाही गप्प झाला. त्या दिवशी चहा झाल्यावर मी चारचौघांसारखी हाक मारली, "अण्णा, चहा." ते आले नाहीत. कप घेऊन बाहेर गेलो, तर खुर्चीत तसेच बसलेले.

"आज कुणी बोलावलं नाही," ते म्हणाले.

आता घरात आम्ही दोघं असतो. चहा झाला की मी ओट्यापाशी उभा राहून खाकरतो. दोनदा. अण्णांच्या मते, दुसरं अजून जमत नाही.