अभिप्रायाचं पान

आमच्या शिक्षणसंस्थेची वेबसाइट मी सांभाळते. महाडच्या हायस्कुलात संगणक शिकवते, म्हणून हे काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. साइट जुनी होती आणि उघडायला इतका वेळ लावायची की तेवढ्यात चहा होऊन जाई. पण तिच्यात ‘अभिप्राय’ नावाचं एक पान होतं आणि त्या पानात आमच्या निवृत्त मुख्याध्यापकांचा जीव होता.

सरांना ऐकू येईनासं झालं होतं, त्यामुळे फोनचा उपयोग संपला. व्हॉट्सॲप त्यांनी थोडे दिवस वापरून सोडून दिलं. म्हणाले, तिथे सगळे नमस्कारच करतात, बोलत कोणी नाही. मग शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते संगणकाच्या खोलीत येऊन बसत आणि विचारत, “बाई, आज किती आले?” मुंबई-पुण्याकडे गेलेले, इथेच राहिलेले जुने विद्यार्थी त्या पानावर चार ओळी लिहीत. सर उत्तर सांगत, मी टाइप करी. उमरठच्या एकाने लिहिलं होतं, ‘सर, वळखलंत का? मी आता एमआयडीसीत हाय. तुमची छडी अजून इसरलो नाय.’ सर कितीतरी दिवस खुशीत होते. छडी मी कधी मारलीच नाही, असं मात्र त्यांनी मला ठासून लिहायला लावलं.

हळूहळू त्या पानावर जाहिराती येऊ लागल्या. इंग्रजीत असायचं, तुमचा लेख फार आवडला, खूप शिकायला मिळालं. आणि खाली भलतीच लिंक. सरांचा उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेलेला. त्यांना वाटे, आपलाच कोणी विद्यार्थी. शुद्ध इंग्रजीत ते विचारत, आपण कुठल्या बॅचचे, बाकावर शेजारी कोण बसायचं? हे माणूस नाही, यंत्र आहे, असं मी स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. ते म्हणाले, असेल, पण नमस्काराला उत्तर द्यायला आपलं काय जातं? मला हसू आवरेना, तरी टाइप केलं.

मग ऐन प्रवेशाच्या दिवसांत पोलादपूरच्या काही पालकांनी साइट उघडली, तर समोर जुगाराचं पान. अध्यक्षांनी मला असं झापलं, जणू पत्ते मीच पिसत होते. साइट जिच्या सर्व्हरवर होती त्या कंपनीने ती बंदच करून टाकली. चौकशी केल्यावर कळलं, अभिप्रायाचं पान ज्या प्रोग्रामवर चालायचं, तो बनवणाऱ्यानेच कधीचा वाऱ्यावर सोडला होता आणि चोर त्याच दारातून आत शिरले होते. ते पान काढण्यावाचून इलाज नव्हता. मी काढलं आणि साइट नव्याने बांधली. नवी साइट झटक्यात उघडू लागली, अगदी डोंगरातल्या गावात रेंजची एकच दांडी असली तरी. सगळ्यांनी कौतुक केलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

जुने अभिप्राय छापून मी सरांना दिले. पण छापलेल्या कागदाशी किती बोलणार? नव्या साइटवर संपर्काचा फॉर्म होता. तो पाठवण्याआधी, सिग्नल असलेली चित्रं निवडून आपण माणूस असल्याचं सिद्ध करावं लागे. तो उमरठचा विद्यार्थी मध्यंतरी मुलीच्या दाखल्यासाठी शाळेत आला होता. मला म्हणाला, “बाई, सरांना लिवायला गेलो, तर त्ये मलाच इचारतंय, तू माणूस हायस का? नापास झालो. मग दिलं सोडून.” सेकंड शिफ्टची बस गाठायची म्हणून तो सरांना न भेटताच गेला. मी फॉर्म सोपा केला, पण तोवर लोकांची लिहायची सवय मोडली होती. त्याची चुटपुट मला अजून आहे.

सर अजूनही शनिवारी येतात. परवा नेहमीसारखं विचारलं, किती आले. मी स्क्रीनवर लिहिलं, एकही नाही.

“आणि ते इंग्रजीवाले?”

ते आता येऊच शकत नाहीत सर, असं मी लिहिलं.

सरांनी पिशवी उचलली. “त्यांना तरी येऊ द्यायचं होतं, बाई,” म्हणाले आणि हळूहळू जिना उतरून गेले.