ओआरजीचा कोड

“ओआरजीचा कोड शोधतेयस? अगं, तुमच्या तळ्यातली मासोळी आहे का ती, हात घातला की सापडेल?”

सर असं म्हणाले आणि अख्खी बॅच हसली. चंद्रपूरचं पॉलिटेक्निक, मायक्रोकंट्रोलरची लॅब, दुसरं वर्ष. मी कोडचा चार्ट हातात धरून उभी. फळ्यावर प्रोग्रामची पहिली ओळ ORG 8000H, शेवटची END. मधल्या ओळींचे कोड चार्टात होते. MOV A चा 74, ADD A चा 24. कोड शोधायचा, चिप बसवलेल्या किटच्या बटणांवर दाबायचा. हेच शिकवलं होतं. मग ओआरजीचा कोड विचारला तर काय चुकलं माझं?

किट आम्हाला, कॉम्प्युटर त्यांना. आम्ही म्हणजे चामोर्शी, सिंदेवाहीकडच्या खेड्यांतली पोरं. ते म्हणजे शहरातले, ज्यांच्या वडिलांना सर चहा पाजायचे. कॉम्प्युटर रूममध्ये एसी, गालिचा. चपला बाहेर. पहिल्या आठवड्यात मी चपला काढल्या, तर सर माझ्या पायांकडेच बघत राहिले. आम्ही ढिवर. सुट्टीत मी बाबांसोबत तळ्यात जाळं ओढायची. टाचांच्या भेगांतला गाळ कितीही घासा, निघायचा नाही.

“तू किटवरच कर,” सर म्हणाले.

मी चपला घातल्या. पाच महिने किटवर केलं. राग यायचा नाही. काहीच यायचं नाही.

सगळे हसले त्या दिवशीही रडू आलं नाही. चार्ट टेबलावर ठेवला. सरळ कॉम्प्युटर रूममध्ये गेले आणि रिकाम्या खुर्चीवर बसले. सर मागोमाग आले.

“ऊठ.”

“नाई उठत. काऊन उठू, सर? माहं नाव नाई का हजेरीत?”

कसं चालवायचं ते भिंतीवर चिकटवलेलं होतं. वाचत वाचत एका बोटानं प्रोग्राम टाइप केला. स्क्रीनवर प्रत्येक ओळीसमोर कोड आला. ओआरजीसमोर काही नाही. एंडसमोर काही नाही. त्या ओळी चिपसाठी नव्हत्याच. प्रोग्राम मेमरीतल्या कोणत्या पत्त्यापासून मांडायचा, कुठं संपवायचा, एवढं कॉम्प्युटरातल्या, ओळींचे कोड बनवणाऱ्या असेम्बलरला सांगायला होत्या. किटवर तो पत्ता मीच हातानं टाकत होते. दोन मिनिटांत कळलं. च्यामायला, दोन मिनिटं! तेवढ्यासाठी पाच महिने दाराबाहेर.

सरांनी माफीनामा मागितला. नाही लिहिला तर टर्म जाणार. बाबांना बोलावून घेतलं. बाबा ऑफिसात हात जोडून उभे.

“दे ना वं लिवून, बाई. वर्ष जाईन.”

“जाऊ द्या, बाबा. मी नाई लिवत.”

बाबांचे हात तसेच जोडलेले. तेवढं मात्र लागलं. आत कुठंतरी खोल लागलं.

कागद कोरा परत दिला. टर्म गेली. पुढच्या वर्षी पहिल्याच दिवशी पुन्हा कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. कोणाला विचारलं नाही. शिकायला बसले याची माफी मी तेव्हा लिहिली नाही, आणि मरेपर्यंत कोणाच्या बापाला लिहून देणार नाही.