सरपंचाची सोयरीक

कारंजात जानराव सोयरीक जुळवतात. धंदा म्हणून नाही, हौस म्हणून. लग्न दोघांचं असलं तरी ठरवायला तिसरा लागतो, अशी त्यांची ठाम समजूत आहे आणि तो तिसरा बहुधा तेच असतात. माझंही लग्न त्यांनीच जुळवलं. त्यामुळे ते शेजारी असूनही माझी बायको त्यांच्या चहात साखर जरा हात राखूनच टाकते. सूनबाईंना आपल्या तब्येतीची काळजी आहे, असं ते समजतात.

मुलाच्या घराण्याची तारीफ करायची तर त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "त्या घरात खुर्चीसुद्धा जागची हलत नाई, बावा!" हे ऐकलं की मुलीचा बाप विरघळतो. त्या खुर्चीवर कोण बसतं आणि तिच्या बाजूला कोण जन्मभर उभं राहतं, हे कुणी विचारत नाही.

त्यांच्या पुढच्या खोलीत माशांची मोठी काचेची टाकी आहे आणि तिच्यात सरपंच राहतो. सरपंच म्हणजे ऑस्कर जातीचा मासा. तळहाताहून मोठा, काळा, अंगावर केशरी डाग, आणि आल्यागेल्याकडे रोखून पाहणारा. टाकीतले दगड जानरावांनी अडाण नदीतून आणले आणि वास्तू सांगणाऱ्या एका गृहस्थाकडून ईशान्य-नैर्ऋत्य बघून मांडून घेतले. पाणी बदलतं, दगड नाही.

गेल्या दिवाळीत जानरावांना वाटलं, सरपंच एकटा पडला. त्याच दिवसांत त्यांच्या मुलीसाठी, योगिनीसाठी, रिसोडचं स्थळ चालून आलं होतं. योगिनी वाशीमला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. मुलगा रविकांत, शेती भरपूर, घराणं वजनदार, फक्त सुनेनं नोकरी सोडावी एवढीच त्यांची अपेक्षा होती. योगिनीला नोकरी सोडायची नव्हती. जानरावांनी दोन्ही कामं सारख्याच उत्साहानं हाती घेतली आणि मला मोटरसायकलवर बसवून वाशीमला नेलं.

तिथं वहाबचं माशांचं दुकान आहे.

"वहाब, सरपंचाले जोड पाह्यजे," जानरावांनी सुरुवात केली. "चांगल्या घरान्यातली."

वहाबनं कपाळावर टेंगूळ असलेला एक लाल मासा दाखवला. "हा फ्लॉवरहॉर्न. लोकं याले लकी मानतात. पन कोनाच्या संग ठेवू नका, कोनालेच जगू देत नाई. अन् हा कुदरती नाई, भाऊ. मानसानं दोन-चार जाती मिसळून बनवला."

"म्हंजे कुळच नाई?" जानराव दचकून मागे सरकले. स्वभाव वाईट, हे त्यांना चाललं असतं. "नको बावा. ऑस्करच दे. मादी दे."

"ऑस्करमंदी नर-मादी वरून वळखू येत नाई. पाच-सहा पिल्लं संग वाढवा. मोठे झाले का त्यातले दोघं आपसात जमवतात."

"आपसात? मोठ्याईले न इचारता?"

"पान्यात कोन मोठं, भाऊ?"

जानरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ओळखीच्या कुणाच्या मुलीनं कोर्टात जाऊन लग्न केलं होतं.

शेवटी त्यांनी एक पांढुरका ऑस्कर पसंत केला. रंग उजळ, आणि सरपंचापेक्षा चांगलाच लहान. जोडीत मुलगी लहानच शोभते, असं ते म्हणाले. तो नर की मादी हे वहाबलाही माहीत नव्हतं. पण गोरी असं नाव ठेवल्यावर जानरावांच्या दृष्टीनं तो प्रश्न मिटला.

"रंग नका पाहू, भाऊ," वहाब पिशवीत पाणी भरता भरता म्हणाला. "स्वभाव पाहा अन् साइज बराबरीची पाहा. हे लहान हाय, मार खाईन. न्यायचंच असन तर सोडायच्या आंदी टाकीतले सारे दगड हलवा. जुन्याले वाटते, सारी टाकी माह्या बापाची. दगड हलले का तोही नवाच होते. मंग दोघं बराबरीनं जागा धुंडतात."

"दगड वास्तूचे हायेत," जानराव म्हणाले. "येनारीनं जमवून घ्यावं."

येणारीनं काय जमवून घ्यायचं? सरपंचानं पहिल्याच संध्याकाळी तिला फिल्टरच्या नळीमागे रेटलं. शेपटी फाटली, कल्ल्याजवळचे खवले गेले. जानरावांच्या पत्नी ललिताबाई तिच्यासाठी कोपऱ्यात वेगळे दाणे टाकायच्या, तर सरपंच येऊन तेही खायचा.

"बाबा, मरन ते," योगिनी म्हणायची.

"नवीन घर हाय. होते सवय."

आणि संध्याकाळी त्याच तोंडानं, त्याच आवाजात, रिसोडबद्दलही "होते सवय!" मला त्या माणसाचा संताप यायचा. पोटची पोर समोर उभी असताना आपण काय बोलून राहिलो, ते त्यांना ऐकूच येत नव्हतं.

उन्हाळ्यात रिसोडचे पाहुणे साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख धरायला आले. जानरावांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. शेजारी म्हणून मीही सतरंजीवर बसलो. रविकांतचे वडील टाकीसमोरच बसले होते.

"हे गोरं कोपऱ्यात काहून लपून राह्यलं?" त्यांनी विचारलं.

"नवीन हाय. सवय होऊन राह्यली."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून," जानराव म्हणाले आणि स्वतःच जरा थांबले.

तेवढ्यात योगिनी चहा घेऊन आली. ट्रे ठेवून ती आत गेली नाही. "काका, एक इचारू?" ती रविकांतच्या वडिलांना म्हणाली. "नवा मासा आनला तर टाकीतले दगड हलवा लागतात म्हंते दुकानवाला. मी तुमच्या घरी आली, तर माह्यासाठी काय हलन?"

रविकांत मोबाइल बघत होता, तो बघतच राहिला. त्याचे वडील मात्र खूश होऊन हसले. "बेटा, आमच्या घरी आजोबाच्या जमान्यापासून खुर्चीसुद्धा हलली नाई!"

जानरावांचा चेहरा उतरला. किती बापांना त्यांनी हेच वाक्य ऐकवलं असेल! आज ते बापाच्या जागेवर बसून ऐकत होते. ते उठले. मला वाटलं, पान-सुपारी आणायला चालले. ते टाकीपाशी गेले, झाकण काढलं आणि इस्त्रीच्या बाहीसकट हात पाण्यात घातला. ईशान्येचा मोठा दगड त्यांनी ओढून पार नैर्ऋत्येला नेला. मग दुसरा, मग तिसरा. पाणी गढूळ झालं. सरपंचानं त्यांच्या बोटाला कडकडून चावा घेतला, तरी हात बाहेर आला नाही.

"जानराव, हे काय करून राह्यले? तारीख धराची हाय न?" रविकांतच्या वडिलांनी विचारलं.

"नाई धराची," जानराव मागे वळून न पाहता म्हणाले. "पोरगी नोकरी नाई सोडत. तुमी चहा घ्या."

पाहुणे चहा न घेताच गेले.

संध्याकाळी ते बोटाला चिंधी बांधून आमच्या ओट्यावर येऊन बसले. गोरी बाहेर आली का, असं मी विचारलं. अर्धी आली, म्हणाले. माझ्या बायकोनं न सांगता चहा आणला. पहिलाच घोट घेऊन जानरावांनी कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. एवढा गोड चहा आमच्या घरात त्यांना कधी मिळाला नव्हता.