मंडपातले हसू

नोकरीत हाताळलेल्या बऱ्याच गुन्ह्यांचे नंबर आणि कलमे आता डोक्यातून गेली, पण ही एक केस गेली नाही. इंदिरानगरच्या घरापुढे सकाळी उन्हात खुर्ची टाकून बसलो की नाशकातले ते पोलीस ठाणे जसेच्या तसे समोर येते. थंडीत आमची हजेरी आवारातच व्हायची. हजेरी संपली तरी कोणी लगेच आत जात नसे. ऊन जिकडे सरकेल तिकडे सगळे चहाचे ग्लास घेऊन सरकायचे. लेखनिक हवालदार बागलाणचे होते. त्यांचे अक्षर इतके सुबक की कोर्टातले कारकून जबाब पाहूनच ठाणे ओळखायचे. मी प्रभारी अधिकारी, निवृत्तीला दीड वर्ष उरलेले. ते दिवस फार चांगले होते असे मी सगळ्यांना सांगतो, आणि सांगताना दर वेळी ही केस आडवी येते. नावे कोणाचीच देत नाही.

अशाच एका सकाळी सरकारी रुग्णालयातून कळवले गेले की एक तरुण दाखल झाला आहे, दोन्ही हात मोडलेत, त्र्यंबक रस्त्यावर मोटारसायकलवरून पडल्याचे सांगतो. वय सव्वीस-सत्तावीस. मूळचा देवळा तालुक्यातल्या एका शेतकरी घरातला, नाशकात ब्लाउज शिवण्याचे लहानसे दुकान. मी गेलो तेव्हा दोन्ही हात प्लास्टरमध्ये होते आणि तो छताकडे बघत पडला होता.

"कसा पडलास?"

"घसरलो, साहेब."

गाडीवरून पडणारा माणूस आधी तळहात टेकतो. याच्या तळहातांवर ओरखडासुद्धा नव्हता. हाडे मोडली होती ती मनगट आणि कोपराच्या मध्ये, बाहेरच्या बाजूने, दोन्ही हातांची. डोक्यावर येणारा घाव अडवायला माणूस हात वर करतो, तेव्हा असे होते. त्र्यंबक रस्त्याला जाऊन पाहिले तर त्याची गाडी कडेला स्टँडवर उभी होती आणि किल्ली त्याच्याच खिशात निघाली. कोणाला तरी भेटायला तो थांबला होता, एवढे नक्की झाले.

वॉर्डच्या दाराशी एक मुलगा उभा होता. एका दवाखान्यात एक्स-रे काढायचे काम करणारा, टेलरच्याच खोलीत राहणारा.

"तू कोण याचा?"

जरा थांबून तो म्हणाला, "रूममेट."

त्याच्या त्या थांबण्यावरून मी निष्कर्ष काढला, आणि चुकीचा काढला. दोघांत काही भानगड असणार, मारणारा हाच, असे मी धरून चाललो. दोन दिवस त्याला सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवले. येता-जाता माझी माणसे त्याला काय काय म्हणत होती ते मला ऐकू येत होते. अशा मुलांसाठी ठाण्यात जे शब्द वापरले जायचे ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. मी कोणाला थांबवले नाही. तो मुलगा एकच विनंती करायचा, "साहेब, त्याला भरवायला कोणी नाही. मला तासभर सोडा." मी सोडले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याचा फोन वाजला. ठाणे अंमलदाराने तो माझ्याकडे दिला. वयस्क बाईंचा आवाज होता.

"बाकावर बसवलेल्या त्या मुलाला सोडा. मारणारे आमच्या सत्संगातले आहेत."

"आपण कोण बोलताय?"

"फोनवर नको. येते मी."

तासाभरात त्या रिक्षाने आल्या. निवृत्त शिक्षिका, गळ्यात तुळशीची माळ, हातात कापडी पिशवी. खबऱ्यांच्या टिपा मी आयुष्यभर घेतल्या, पण असा खबऱ्या आधी पाहिला नव्हता. त्यांनी सांगितले की मागच्या रविवारी प्रवचन संपल्यावर त्या टेलरचा मोठा भाऊ थांबला होता. त्याने महाराजांचे पाय धरले आणि विचारले, माझा भाऊ एका मुलाबरोबर राहतो, गावात तोंड दाखवायला जागा नाही उरली, काय करू?

"मी तिथंच सतरंज्या गोळा करत होते," बाई म्हणाल्या. "महाराज म्हणाले, कीड लागलेली फांदी छाटली नाही तर झाड जातं. मग दोन सेवेकऱ्यांनी भावाला बाजूला नेलं. दोन दिवसांनी कळलं, पोराचे हात मोडले. मग सत्संगातच ऐकलं, पोलिसांनी त्याच्याबरोबरच्या मुलालाच बसवून ठेवलंय."

"हे जबाबात लिहून घेऊ? सही कराल?"

"त्यासाठीच आले. अठरा वर्षं जाते मी तिथं. यजमान आजारी होते तेव्हा याच लोकांनी मला धरून ठेवलं. परक्यांनी केलं असतं तर गप्प बसले असते कदाचित."

टेलरच्या मोबाइलचे रेकॉर्ड मागवले. त्या सकाळचा शेवटचा फोन मोठ्या भावाचाच होता. आमच्या लोकांनी त्याला देवळ्याहून आणले. चाळिशीचा, हाताला घट्टे पडलेला माणूस. मारून बोलते करण्यावर माझा विश्वास कधीच नव्हता. मारलेला माणूस आपल्याला हवे ते बोलतो. मी त्याला चहा दिला, कांद्याच्या रोपांचे विचारले. अर्धा तास तो रोपांवर बोलला. मग मी म्हणालो, "दोन्ही बाजूंनी मार आहे त्याला. एकट्याचं काम नाही हे. तू कुठल्या बाजूला होतास?"

"मी हात नाय लावला, साहेब." त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "मी फक्त फोन केला. म्हटलं, आईला त्र्यंबकला दर्शनाला नेतोय, तिला तुला बघायचंय, रस्त्यावर थांब. तो जीपकडं पळत आला. आई आई करत. जीपमध्ये आई नव्हतीच."

लेखनिक हवालदार लिहून घेत होते. भाऊ रडत होता, आणि रडता रडता त्याने मान वर केली.

"माझंच काय सांगता? सत्संग मंडळाच्या वर्धापनदिनाला तुम्ही पण होतात ना, साहेब. पहिल्या रांगेत. महाराजांनी अशा पोरांची चाल करून दाखवली, तेव्हा तुम्ही पण हसलात की. मी बघितलं. म्हटलं, पोलीसच हसत्यात, म्हणजे बरोबरच असणार."

मला आठवले. शाल, नारळ, मंडपातले पंखे. महाराजांनी कंबर हलवून दोन पावले टाकली होती आणि सगळा मंडप हसला होता. मीही हसलो होतो, आणि घरी येईपर्यंत विसरलो होतो.

हवालदार माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "हे लिहू, साहेब?"

"लिहा."

दोन्ही सेवेकरी त्याच दिवशी ताब्यात आले, काठ्या जप्त झाल्या. महाराजांना चौकशीसाठी बोलावले. ते वकिलाबरोबर आले. शांत माणूस, आवाज कधी चढत नसे.

"मी कोणाला मारा म्हटलेलं नाही. तो दृष्टांत होता."

"समोर माणूस स्वतःच्या भावाबद्दल विचारत होता, महाराज. फांदी म्हणजे कोण, हे त्याला कळणार नव्हतं का?"

महाराजांनी वकिलाकडे पाहिले. सरकारी वकिलांचे मत पडले की एवढ्यावर चिथावणी सिद्ध होणार नाही. आरोपपत्रात तीन आरोपी राहिले. महाराजांचे नाव फक्त जबाबांत आले.

बाईंचा जबाब झाला त्याच संध्याकाळी एक्स-रेवाल्या मुलाला मी स्वतः रुग्णालयात सोडायला गेलो होतो. टेलरची आई गावाहून आली होती. मुलाने घाईघाईने डबा उघडला आणि टेलरला भरवू लागला. आईने बराच वेळ बघितले आणि तो कोण म्हणून मला अहिराणीत विचारले, "हाऊ कोन शे?"

माझ्याआधी टेलरच म्हणाला, "माझा माणूस आहे, आई."

मला वाटले, म्हातारी आता उठून जाईल. पण ती त्या मुलाला म्हणाली, "पोळी नको देऊ रे, त्याला गिळवत नाय. भात कालव." त्यानंतर ती त्या दोघांशी फारसे बोलली नाही, पण रोज येऊन बसायची.

टेलरने घसरल्याचा जबाब बदलला आणि खरे काय ते सांगितले. भावाचे नाव वगळा, अशी त्याने मला दोनदा विनवणी केली. मी म्हणालो, ते माझ्या हातात नाही आणि असते तरी केले नसते. कोर्टात तो सगळे खरे बोलला. बाईंचीही साक्ष झाली. आरोपीच्या वकिलाने विचारले, "तुमची मंडळावरची श्रद्धा उडाली म्हणून हे बोलताय ना?" बाई म्हणाल्या, "मी आजही पहाटे जप करूनच आले आहे." तिघांना शिक्षा झाली. निकाल लागला तेव्हा मी निवृत्त झालो होतो.

लोक मला विचारतात, यात धर्माचा काय दोष? मी स्वतः देवाला मानणारा माणूस आहे. नोकरीत वेगवेगळ्या धर्मांच्या वस्त्यांत राहिलो, आणि अशी चेष्टा सगळीकडे ऐकली; फक्त दृष्टांत बदलतात. काठी दोघांनी उचलली, त्यांना कायद्याने धरले. पण ज्या जागी माणसे विश्वासाने डोके टेकवतात, तिथून आलेला शब्द काठीपेक्षा लांब जातो. त्याला कलम नाही. म्हणून दोष नाही असे मला म्हणता येत नाही. आणि त्याच जागेतून पिशवी घेऊन एक बाई ठाण्यात आली, हेही विसरता येत नाही.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर टेलर भेटला. उजवा हात अजून पूर्ण सरळ होत नव्हता. मी त्याला बाजूला नेले आणि जे बरेच दिवस बोलायचे होते ते बोललो, की त्या कार्यक्रमात मीही हसलो होतो, त्याची मला लाज वाटते.

तो म्हणाला, "माहीत आहे, साहेब. आईला घेऊन मीपण आलो होतो तिथं. मागं बसलो होतो."

त्याने डाव्या हाताने उजवा हात चोळला.

"मीपण हसलो," तो म्हणाला. "सगळे हसत होते. एकटा गप्प बसलो असतो तर कळलं असतं ना."