पारिसअण्णांची मागची गॅलरी

फोन आला तेव्हा मी उद्यमबागेत माझ्या वर्कशॉपमध्ये होतो. पारिसअण्णा गेले. सकाळी मंदिरातून आले, हॉलमधल्या माशांच्या टाकीसमोर खुर्चीत बसले आणि बसलेलेच राहिले... डोळे भरले हे खरं, पण त्याच दमात मनात आलं, की आता त्यांच्याकडून खरं काय ते कळायचं राहूनच गेलं. माणूस गेला तरी माझी शंका जात नाही, असा माझा स्वभाव. अण्णा तो ओळखून होते. "तू देवासमोर हात जोडून बी चपलीकडंच बघत ऱ्हाशील रं," म्हणायचे.

शंका काय होती ते सांगतो. अण्णा निपाणीचे जैन, तंबाखूच्या व्यापारातल्या घरचे. टिळकवाडीत फ्लॅट घेतल्यावर त्यांनी हॉलमध्ये समुद्राच्या पाण्याची टाकी उभी केली, जिवंत प्रवाळांची. जैनाच्या घरात मासे म्हणून लोक चेष्टा करत. "पाळतो रं, खात न्हाय," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मासेही शेवाळावर जगणारेच निवडलेले. माझ्याही घरी तशी टाकी, म्हणून आमची मैत्री. आम्ही टाकीवाले वाढलेल्या प्रवाळाचे तुकडे एकमेकांकडून घेतो. या टाक्यांना एक पीडा असते. दगडासोबत चोरून येणारं तपकिरी समुद्रफूल, नावाला फूल, पण आहे प्राणी. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते गोजिरवाणं वाटतं. बारीक देठ, काचेसारखे आरपार हात, आणि बोट जवळ नेलं की सर्रकन दगडाच्या भोकात. शेजारच्या प्रवाळाला डसून डसून मारतं. खरवडायला जावं, तर मागे राहिलेल्या तुकड्यातून नवं उगवतं. म्हणून त्याच्या तोंडात सिरिंजने चुन्याची दाट पेस्ट सोडायची, हा आम्हा सगळ्यांचा उपाय. अण्णा काही केल्या तयार होईनात. "निपाणीचा माणूस आणि चुन्याला भितो?" मी डिवचायचो. ती फुलं खाणारी कोळंबी आणून सोडा म्हटलं, तर म्हणाले, "म्हंजे मी सुपारी द्यायची व्हय रं? पाप त्येच की."

आणि तरी त्यांच्या टाकीतली फुलं नाहीशी होत होती! आज दगडावर दिसलेलं पुढच्या खेपेला गायब, आणि त्या जागी छिन्नीचा ताजा घाव. एकदा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर ओट्यावर सिरिंज धुऊन ठेवलेली. "मारता न्हवं, अण्णा?" "न्हाय रं," म्हणाले आणि चहाचं काढलं. मागच्या गॅलरीचं दार तर कायम बंद. त्यात पाण्याचं गौडबंगाल. आम्ही चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन समुद्राचं पाणी आणायचो. येताना चेकपोस्टवर पोलीस दारूच्या संशयाने कॅन हुंगायचे. "इदराग एन ऐतरी?" म्हणजे यात काय आहे, असं दरडावायचे, आणि अण्णा अस्सल कन्नडमध्ये समजावत बसायचे. एका पोलिसाने तर बोट बुडवून चाटलं आणि थू थू करत आम्हाला सोडलं. पण मलाही पोलिसाइतकाच संशय यायचा. अण्णांची टाकी माझ्याहून लहान, आणि कॅन माझ्या दुप्पट. "एवढं पाणी कशाला लागतंय तुम्हाला?" "लागतंय रं," म्हणत ते गाडीची काच वर करायचे. मी मनाशी निकाल लावून टाकला. पाणी गाळून पिणारा, दिवस मावळायच्या आत जेवणारा हा माणूस घरात गुपचूप मारतो आणि बाहेर साधूपणा मिरवतो. त्यांच्यावर जीव होता माझा, म्हणूनच हे फार टोचायचं.

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. त्यांनी मागच्या गॅलरीचं दार उघडलं. एक लांबट टाकी, वर दिवा, आणि आत... तीच तपकिरी फुलं, दाटीवाटीने डुलणारी. प्रत्येक फूल आपापल्या दगडाच्या ढलपीवर, ढलपीसकट अलगद काढून आणलेलं.

"तरंगणारी बारकी पिल्लं सिरिंजनं वडून घ्यायचे," वहिनी म्हणाल्या. "सुई कधी लावलीच न्हाय."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमी हसला असता, भावजी. आणि हे बघितल्यावर ह्यांच्याकडचं प्रवाळ कोण घेणार हुतं?"

मला रडू आलं. वहिनींनी मला रडू दिलं आणि मग हळूच विचारलं, "पोरगा म्हणतोय, गटारीत वतून टाकूया. तुमी काय म्हणता?"

ही टाकी घरी नेणं म्हणजे उंदीर धरून आपल्याच धान्याच्या पोत्याशेजारी ठेवण्यासारखं. आमच्यातल्या कुणालाही विचारा, वेड्यात काढतील. तरी ती गाडीत घातली.

आता माझ्याही मागच्या गॅलरीचं दार बंद असतं. आत जाऊन आलो की कोपरापर्यंत हात धुतो, आणि हॉलमधल्या टाकीतला दगड न् दगड संशयाने बघतो. परवा गोव्याहून पाणी आणताना शेजारच्या वर्कशॉपमधला मित्र सोबत होता. चेकपोस्ट मागे पडलं तसा तो मागे वळून कॅन बघत म्हणाला, "एवढं पाणी कशाला लागतंय रं तुला?"

"लागतंय रं," म्हटलं, आणि काच वर केली.